म्हातारा बसमध्ये चढला का?

कागदावर पालथा तळहात ठेवून तुम्ही लिहिलेली बातमी ते पूर्ण झाकून टाकायचे, आणि मग चष्म्याच्या वरून बघत विचारायचे, "तू पाहिलंस का?"

आमच्या साप्ताहिकात नवा लागलेला प्रत्येक जण त्या तळहाताखालून गेलेला आहे. नाल्याची भिंत पडली असं लिहिलं, की हात आलाच.

"पाहिलीस का?"

"नाही दादा, तिथल्या लोकांनी सांगितलं."

"मग लोकांनी सांगितलं असं लिही. भिंत पडताना तू घरी जेवत होतास."

ऑफिसात सगळेच त्यांना दादा म्हणायचे. डोंबिवली पूर्वेला एका पोळीभाजी केंद्राच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. दुपारी बारानंतर जिन्यातून फोडणीचा वास वर येतो, आणि त्या वासात बसून ते मुद्रितं तपासायचे. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. तुमच्याही ओळखीत असा एखादा गृहस्थ असेल, ज्याच्यासमोर आपण उगाचच थोडं खरं बोलायला लागतो. आमच्याकडे ते होते.

एकदा एका निवृत्त शिक्षकांच्या निधनाची बातमी आली. पान लागलं होतं, फोटोही बसवला होता. दादांनी हात ठेवला. कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. मग ते स्वतः चपला घालून निघाले. तासाभराने परतले ते हसत. दार खुद्द त्या मास्तरांनीच उघडलं होतं. गेलेले गृहस्थ शेजारच्या इमारतीतले, त्याच आडनावाचे. "चहा घेतला त्यांच्याकडे," दादा म्हणाले. "मजकूर वाचून दाखवला. फार आवडला त्यांना. म्हणाले, पुढे लागेल, जपून ठेवा."

हसलो आम्ही सगळे. पण त्यांच्या या सवयीने त्यांच्या घरात काय केलं होतं, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. डबा खाताना त्यांनीच सांगितलं, आणि तेही एखाद्या तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसं.

त्यांना एकुलता एक मुलगा. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला होता. लग्नाची बोलणी सुरू झाली, मुलीकडची मंडळी घरी आली, पोहे झाले. मुलीच्या मामाने विचारलं, नोकरी कायम आहे ना? मुलगा म्हणाला, हो, परमनंट. आणि दादा म्हणाले, "परमनंट नाही अजून. प्रोबेशनवर आहे. मार्चनंतर कळेल."

मंडळींनी चहा घेतला आणि आठवड्याने नकार कळवला. मुलाचं त्या मुलीशी कॉलेजपासून होतं, हे दादांना माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोला होतं. मुलगा त्याच महिन्यात बॅग घेऊन बाहेर पडला.

"कुठे गेला?" मी विचारलं.

"ठाकुर्लीला."

मला हसू आलं, ते मी घासाबरोबर गिळलं. डोंबिवलीहून ठाकुर्ली. पुढचंच स्टेशन. तिथे त्याने पुढे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आई डबे घेऊन जात-येत राहिली. ती वारली तेव्हा बाराव्याला बापलेक दोन वेगळ्या पाटांवर बसले आणि गुरुजींच्या मार्फत बोलले. "त्यांना सांगा, तीळ इकडे आहेत." असं. त्यालाही आता सात वर्षं झाली होती.

"तुम्ही का नाही जात, दादा? रिक्षाने दहा मिनिटं."

"जाऊन काय बोलू? परमनंट झालास का, असं विचारू?"

आता त्या सिनेमाचं सांगायला हवं. वीसएक वर्षांपूर्वी आलेला, एका म्हाताऱ्याचा. मुलगा भांडून शहरात गेलेला, म्हातारा गावात एकटा. शेवटच्या दृश्यात तो पिशवी घेऊन एसटी स्टँडवर येतो, तिकीट काढतो, बाकावर बसतो. बस येते. धूळ उडते. आणि पडद्यावर अंधार. म्हातारा चढला की नाही, ते दाखवलंच नाही. लोक चिडून बाहेर पडले होते आणि पुन्हा बघायला गेले होते.

दादांनी तो बायको-मुलासोबत ठाण्यात पाहिला होता, एका जुन्या थिएटरात. नवरात्राचे दिवस. सिनेमा सुटल्यावर तिघं टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत उभे राहिले. रांग सरकेना, आणि बापलेकांचा वाद संपेना. मुलगा म्हणत होता, चढला, चढल्याशिवाय राहणारच नाही तो. हे म्हणत होते, पडद्यावर दिसला का चढताना? नाही ना? मग म्हणायचं नाही. शेवटी बायको वैतागली. "आता देवीलाच विचारा दोघं," म्हणाली, "आणि मला जरा टेकायला जागा बघा."

हे सांगताना दादांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला लिहिता येणार नाही. त्या रांगेत ते तिघं शेवटचे सुखात उभे होते, एवढं कळायचं.

आणि मग त्या सिनेमाचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली. तोच दिग्दर्शक, म्हाताऱ्याच्या कामात तोच नट, आता खरोखरच म्हातारा झालेला. आमच्या ऑफिसात चर्चा सुरू झाली. पहिल्याची सर येणार का? अशा गोष्टींना हात लावू नये, वगैरे. दादा मुद्रित तपासत राहिले. दुपारी डबा उघडताना मला म्हणाले, "यात तरी दाखवतील. चढला का ते."

"दाखवतीलच."

"चढला असेल तर तो बरोबर होता आणि मी चुकलो." त्यांनी भाजीतली मिरची बाजूला काढली. "मग मला जायला हवं. चूक कबूल करायला माणूस कोणाच्याही दारात उभा राहू शकतो. त्याला दुसरं कारण लागत नाही."

एवढं बोलले. पण मला पूर्ण कळलं. त्यांना जायचंच होतं. फक्त हातात एक चूक हवी होती, दुरुस्त करायला.

"चला, पहिल्या दिवशीच जाऊ आपण दोघं," मी म्हटलं. "कल्याणच्या मॉलमध्ये लागतोय."

"नको रे. ती नाही, तो नाही, आणि मी एकटा त्या खुर्चीत... तू बघ. नाहीतरी तुला लिहायचंच आहे. तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं."

आता माझं. सिनेमाचं परीक्षण मी लिहायचो. सुरुवातीची वर्षं खरोखर बघून लिहायचो, कारण अंक रविवारी निघायचा. त्या वर्षांत दादांनी मला अनेकदा विचारलं, पाहिलास का, आणि मी छातीठोकपणे हो म्हणालो. मग मालकांनी अंक शनिवारवर आणला. पान शुक्रवारी दुपारी दोनला लागायला लागलं, आणि सिनेमा तर शुक्रवारी सकाळी लागतो. काही दिवस मी नऊचा खेळ गाठून धावत आलो. मग एका शुक्रवारी नाही जमलं. ट्रेलर बघितला, निर्मात्याकडून आलेलं माहितीपत्रक वाचलं, लिहून टाकलं. कोणाला काही कळलं नाही. पुढे तेच सुरू झालं. अडीच तारे द्यायचे. अडीच ताऱ्यांवर कोणी भांडायला येत नाही. बघणाऱ्याला वाटतं अर्धा कमी पडला, न बघणाऱ्याला वाटतं अर्धा जास्त झाला.

दादांनी मला विचारणं तोवर सोडून दिलं होतं. माझ्याबद्दल खात्री पटली होती त्यांना.

त्या शुक्रवारी सकाळी मी ठाण्याला होतो, मुलीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला काढायच्या रांगेत. कारण खरं आहे. पण कारण तर दर शुक्रवारी असायचंच, त्यामुळे त्याचा आधार मी घेणार नाही. त्या रांगेत उभ्या-उभ्या मी मोबाइलवर परीक्षण लिहिलं. पहिल्या भागाची सर नाही. मध्यंतरानंतर लांबण. दिग्दर्शकाने जुना प्रश्न धाडसाने तसाच ठेवला आहे. हे शेवटचं वाक्य मी का लिहिलं? भारदस्त वाटलं म्हणून. दुसरं काही कारण नाही. अडीच तारे.

दीड वाजता ऑफिसात पोचलो तेव्हा मुद्रित त्यांच्यापुढे होतं. त्यांनी वाचलं, एक काना दुरुस्त केला. मग कितीतरी वर्षांनी तो तळहात माझ्या मजकुरावर आला.

"पाहिलास ना?"

"हो. नऊचा."

ते पुढे वाकले. आवाज खाली आणला. "चढला का रे?"

मी तेव्हा सांगू शकलो असतो. रविवारी बघतो आणि सोमवारी सांगतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग नऊचा खेळ खोटा पडला असता, आणि त्यामागचे सगळे शुक्रवार. मी म्हणालो, "नाही, दादा. चढताना दिसतच नाही. बसून राहतो तिथेच."

"बरोबर आहे," ते म्हणाले. हात उचलला, कागद पानं लावणाऱ्याकडे दिला. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

म्हणजे चूक नव्हती. दुरुस्त करायला काही राहिलं नव्हतं.

जन्मभर न पाहता काही पुढे जाऊ न देणाऱ्या माणसाने माझं तेवढं पुढे जाऊ दिलं. कधी मनात येतं, त्यांना संशय आला असेल, आणि मुलाकडे न जायला तेच निमित्त बरं वाटलं असेल. पण हे मी पाहिलेलं नाही. माझ्या सोयीचं आहे, म्हणून ते हिशेबात धरत नाही.

रविवारी सिनेमा बघायचाच, असं मी ठरवलं होतं. रविवारी बदलापूरला बायकोच्या भाच्याचं केळवण निघालं. पुढच्या रविवारी अंगात कणकण होती. तिसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरला. मला खरं तर हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. दिवाळीनंतर दादा चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला. त्याच सकाळी आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं, आणि खुर्चीत बसले होते, ते बसलेलेच.

दीडेक महिन्याने तो सिनेमा घरच्या टीव्हीवर आला. मी आणि बायको बघायला बसलो. तुम्ही विचाराल, पहिल्याची सर आहे का त्याला? नाही. मधला तासभर उगाच ताणलाय, दोन गाणी कशाला आहेत कळत नाही, म्हाताऱ्याच्या नातीचं पात्र तर निव्वळ रडवायला आणलंय. अडीच तारे बरोबर होते. मी न बघता दिलेले तारे अगदी बरोबर निघाले.

पण म्हातारा चढतो. दुसरा भाग सुरूच तिथून होतो. धूळ खाली बसते आणि तो खिडकीपाशी बसलेला दिसतो, पिशवी मांडीवर. शहरात उतरतो, पत्ता विचारत जातो, मुलाच्या दाराशी उभा राहतो. मुलगा दार उघडतो. म्हातारा काय बोलायचं ते विसरतो आणि म्हणतो, "पाणी देतोस का?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. "अहो, तुम्ही तर लिहिलं होतंत ना, प्रश्न तसाच ठेवलाय म्हणून?"

"हो."

"मग हे काय?"

मी पंखा कमी करायला उठलो. थंडीच होती, पंखा बंदच होता.

जानेवारीत त्यांचा मुलगा ऑफिसात आला, त्यांच्या खणातल्या वस्तू न्यायला. चाळिशीचा, दादांसारखाच किडकिडीत, पण केस पिकलेले जास्त. भिंग, दोन शब्दकोश आणि एक स्वेटर, एवढंच निघालं. पिशवीत भरून झाल्यावर तो उभाच राहिला.

"काका, एक विचारू? बाबांनी तो सिनेमा बघितलेला का? त्याचा दुसरा भाग?"

"का रे?"

"नाही, सहज. आम्ही पहिला एकत्र बघितलेला. मी दुसरा लागला त्याच शनिवारी गेलेलो. वाटलेलं, बाबा बघतील तर..." तो हसला. "भांडण झालेलं आमचं त्याच्यावरून. म्हटलं, आता येतील कबूल करायला. चूक असली की ते सोडत नाहीत, स्वतःची पण. दोन रविवार मी दुकान उघडलंच नाही. घरीच थांबलेलो. बायकोला म्हटलं, पुरणपोळी कर. ती म्हणते, सण कुठला आहे?"

मी खुर्चीत होतो. टेबलावर हात होते. ते कुठे ठेवायचे कळेना.

"नाही बघितला त्यांनी," मी म्हणालो. "डोळ्यांचा त्रास होता ना शेवटी. थिएटरात जाणं होत नव्हतं."

"हो, डोळे," तो म्हणाला. "तेच असणार." पिशवी उचलली. जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज खालच्या फोडणीत मिसळला.

त्याला चार महिने झाले. परीक्षणं मी सोडली. मालकांनी कारण विचारलं, मी वय सांगितलं. दादांच्या जागी कोणी नेमलं नाही. आता मुद्रितं संगणकच तपासतो, आणि तो कोणालाच काही विचारत नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मी ठाकुर्लीला गेलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. तो एका मोबाइलची पाठ उघडून वाकला होता, डोळ्याला भिंग लावून. ते भिंग मी ओळखलं. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, पुन्हा स्टेशनपर्यंत गेलो, पुन्हा आलो. दुसऱ्या वेळी त्याने मान वर केली.

"अरे काका! या ना, उन्हात काय उभे?" स्टुलावरचे खोके उचलून त्याने जागा केली. "काय झालं, मोबाइल बिघडला?"

मी बसलो. म्हटलं, "तुझ्या बाबांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते."