दुधाच्या रांगेत बसलेल्या आपा

संगणकावर चूक दाखवणारी लाल ओळ उमटली की आमच्या आपा खूश व्हायच्या. खुर्ची पुढे ओढून ती मोठ्यानं वाचायच्या. "बोलतंय तवर काळजी न्हाई," म्हणायच्या. प्रोग्राम काही न सांगता गपकन बंद पडला, की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा.

श्रीगोंद्यात पिठाच्या गिरणीवर आपांचं ऑफिस होतं. माणसं दोनच, त्या आणि नुकताच शिकून आलेला मी. काष्टीजवळच्या एका दूध संकलन केंद्राला आम्ही प्रोग्राम करून दिला होता. प्रत्येक शेतकऱ्यासाठी पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि काट्यावरचं वजन आपोआप तिच्यात यायचं. ऑफिसात कसं शहाण्यासारखं चालायचं! केंद्रावर मात्र ऐन गर्दीत सगळंच गायब. शेवटी केंद्राचे चेअरमन वैतागले. "आठवड्यात सुधरा, न्हाईतर आमी आपलं वहीवर लिहितो." आमच्याकडे दुसरं कामच नव्हतं. ऑफिसला कुलूप लागणार म्हणून माझी झोप उडाली.

दुसऱ्याच्या कीबोर्डला आपा कधी हात लावत नसत. सकाळी केंद्रावर जाऊन त्या एका पालथ्या कॅनवर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. नोंदी करणाऱ्या मंदाताईंचा हात भलता चपळ. मागून गलका चाललेला, "आवरा की ताई, टेम्पो जाईल!" काट्यावर आकडा दिसला रे दिसला की ताई ती खिडकी बंद करून पुढची उघडत. संगणकात वजन पोचायला जरा उशीर व्हायचा. ते मागून येऊन बंद झालेली खिडकी शोधायचं आणि प्रोग्राम आडवा. आमच्या ऑफिसात मुळात घाईच नव्हती, मग चूक दिसणार कुठून?

"पाहुनं दारात आन् घराला कुलूप," आपा हसल्या.

चेअरमन ताईंवरच उखडले. "म्हंजी तुमीच घोळ घालता व्हय!" ताई रडवेल्या झाल्या.

"त्यांना बोलू नका," आपा म्हणाल्या. "गर्दीत हात असाच चालनार. खिडकी हाय का गेली, ते प्रोग्रामनं बघावं."

दुपारी आम्ही दुरुस्ती केली. वजन आधी शेतकऱ्याच्या नंबरावर नोंदवून ठेवायचं, खिडकी उघडी असली तरच तिच्यात दाखवायचं. दुसऱ्या दिवशी आपांनी ताईंना बजावलं, "करा बिनधास्त घाई." शेवटचा कॅन टेम्पोत चढला तरी प्रोग्राम चालूच होता. चेअरमननी चहा सांगितला.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. आपांना एकटं टाकून जायचं म्हणून पाय निघत नव्हता. माझा त्यांच्यावर फार जीव होता. शेवटच्या दिवशी ऑफिसात गेलो, तर माझ्या खुर्चीवर मंदाताई! मी महिनाभर खपून केलेला नवा प्रोग्राम त्यांनी चहा येईपर्यंत दोनदा पाडला होता आणि ओशाळून "चुकलं बरं का दादा" म्हणत होत्या.

"माफी कशाला मागता ताई?" आपा म्हणाल्या. "त्याचाच तर पगार हाय तुमाला."