आरी ओस्कामचं अंगण

नेदरलँड्समधल्या गौडा शहरातला हुइबर्ट म्हणजे नको तिथे नाक खुपसणारा माणूस. नशीब बघा, त्याला पगारच जमिनीत नाक खुपसायचा मिळे! इमारत उभी राहण्याआधी हा गिरमिट घेऊन जायचा, खालची माती वर काढायचा, बोटांत चुरायचा, हुंगायचा. बायको वैतागायची. "अहो, जेवायला तरी हात धुऊन या. घरात दलदलीचा वास सुटलाय!"

अख्खं गावच मऊ, ओल्या मातीवर वसलेलं. घरं लाकडी खांबांवर उभी, ती जागची हलत नाहीत. अंगणं मात्र खचत राहतात. मग लोक वाळू आणून ओततात आणि अंगण पुन्हा दाराच्या पायरीला भिडवतात.

कालव्याकाठची घरांची एक रांग पाडून झाली होती. मागची अंगणं आणि दारांच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. माती दाबून बसवायला उद्या त्यांच्यावर वाळूचा डोंगर पडायचा होता. हे कळल्यावर तिथे पूर्वी राहणाऱ्या ओस्कामबाई घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन सकाळीच हजर झाल्या.

"बाबा रे, एक फरशी शोधून दे मला," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या दारासमोर होती. माझ्या नवऱ्यानं, आरीनं, घरीच साच्यात सिमेंट ओतून केलेली. ओली असताना आमच्या लेकीनं, यान्नानं, तिच्यात पाय रोवला. एवढीशी होती पोर. त्याच हिवाळ्यात मेंदूज्वरानं गेली."

हुइबर्टनं हातातलं गिरमिट खाली ठेवलं.

"पुढच्या उन्हाळ्यात यानं अंगण भरलं आणि फरशी गायब! विचारलं तर तोंडाला कुलूप. फेकून दिली असणार मेल्यानं. मी कधी माफ केलं नाही त्याला. तसा होताच खडूस, दारात बादली जरा जोरात ठेवली तरी खेकसायचा. आता तोही गेला. फेकली की पुरली, एवढं तरी मला कळू दे."

हुइबर्टला चाचणीचा खड्डा कुठेतरी खणायचा होताच. त्यानं तो दाराच्या पायरीला लागून घेतला. खड्ड्याची भिंत साफ केली, तर वर फरश्या, खाली वाळू, पुन्हा फरश्या, पुन्हा वाळू, तळाला आणखी फरश्या आणि मग काळी माती.

"ओस्कामबाई, तुमचे यजमान भलतेच आळशी हो! जुन्या फरश्या न उचलताच वर वाळू ओतलीय. वजन वाढलं, अंगण आणखी खचलं."

"आळशी? एक नंबरचा!"

हुइबर्ट हसत तळाच्या रांगेकडे वाकला. दारासमोरची एकच फरशी तिथे नव्हती. तेवढ्या जागेत नुसती वाळू होती. बाकी कशालाही हात न लावणाऱ्या माणसानं तेवढी एकच उचलली होती. म्हणजे बाईंचंच खरं, फेकली यानं. त्याला फार वाईट वाटलं. हे सांगायचं तरी कसं?

तेवढ्यात त्याची नजर मधल्या रांगेवर गेली. तिथेही नेमकी तीच जागा रिकामी! अरेच्चा! फेकलेली फरशी पुन्हा कशी उचलणार?

त्यानं मान वर केली. वरच्या रांगेत मात्र जागा भरलेली होती. पायरीशी एक फरशी होती, शेजारच्यांपेक्षा जाड, कडेला वाकडीतिकडी, घरी ओतलेली असावी तशी. त्यानं पहार घातली, फरशी हळूच उचलली आणि उलटी केली.

इवलंसं पाऊल. पाचही बोटं स्वच्छ.

ओस्कामबाई खुर्चीतून उठून आल्या आणि फरशीपाशी खाली बसल्या. वाळू झटकत बोटं त्या पावलावरून फिरवत राहिल्या.

"रोज सकाळी कपड्यांची बादली मी इथेच आपटायचे," त्या म्हणाल्या. "'हळू ठेव गं,' म्हणायचा. आणि मी म्हणायचे, फरशीच आहे ना, तिला काय दुखतंय?"