गोठ्यातली बेल
ओल्या सिमेंटचा वास आला की डोंगरकडा गावातलं आमचं अर्धवट बांधलेलं घर आठवतं. वायरमन बटनांच्या जागा विचारत होता. वडिलांनी आजारी आईला उचलून आणलं, घोंगडीवर निजवलं, अन् पडल्या पडल्या तिचा हात भिंतीवर जिथवर पुरला तिथं कोळशानं फुली मारली. "बेलचं बटन इथं." वायरमन म्हणाला, "इतकं खाली काहून?" "तिला उठता येत न्हाई. बेल गोठ्यात बसव, मी शेळ्यांपाशीच असतो." घरात लाईट यायच्या आधीच आई गेली. पुढं लाईट आल्यावर वायरमननं ते बटन दाबून पाहिलं, तर गोठ्यातून वडील हातातल्या पाल्यासकट पळत आले, "आलो, आलो!" दारात आल्यावर त्यांना आठवलं. आज माझ्या नव्या घराचा वायरमन म्हणतो, बटनं कशाला, नुसती हाक मारा, दिवे लागतात. मला हाक मारवत नाही.