जोडीनं करायची सेटिंग

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना आली. ‘काही सभासदांच्या दुचाकीचा प्रकाश पहिल्या मजल्यावरील रहिवाशांच्या देवघरात शिरत आहे. संबंधितांनी योग्य ती दखल घ्यावी.’ सूचना सेक्रेटरींची, देवघरही सेक्रेटरींचंच आणि ‘काही सभासद’ म्हणजे मी एकटा. मुलुंडच्या सोसायट्यांत कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची पद्धत नाही. खाली बऱ्याच जणांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. संशय येऊ नये म्हणून मीही टाकलं.

हा एवढा प्रकाश माझ्या मोटरसायकलला कुठून आला, ते सांगतो.

मी अंधेरीला नोकरी करतो, बायको घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. संध्याकाळी मी लिंक रोडनं घाटकोपरला यायचं, आठच्या सुमारास तिला मागे बसवायचं आणि एलबीएस रस्त्यानं मुलुंड गाठायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. खरा संसार आम्ही त्या सीटवरच केला. घरी पोचलं की कुकर, टीव्ही, परगावच्या मुलीचा फोन. गाडीवर मात्र ती माझ्या हेल्मेटजवळ तोंड आणून दिवसभराच्या गोष्टी सांगते. मला निम्म्या ऐकू येत नाहीत, पण कुठे हसायचं ते आवाजावरून कळतं.

गेल्या जुलैत अशीच ती एका आजोबांची गोष्ट सांगत होती. आजोबा लघवीचा नमुना चक्क श्रीखंडाच्या डब्यातून घेऊन आले होते. “मी ग्लोव्ह्ज घातले, डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं तर...” आणि एकदम ओरडली, “अरे, खड्डा!”

“दिसतोय,” मी म्हणालो.

हा माझा जुना शब्द. सिग्नल, गतिरोधक, रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई, तिनं काहीही दाखवलं तरी माझं उत्तर तयार असतं. दिसत असतंच असं नाही. पण तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला मागे बसलेल्यानं रस्ता दाखवावा, हे मला सहनच होत नाही. त्या दिवशीही खड्डा दिसत नव्हता. पुढचं चाक आत गेलं, गाडी डावीकडे पडली, मला थोडं खरचटलं आणि तिचं डावं मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं आणि ती कामावर रुजू झाली, त्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, “मी आता रिक्षानं येत जाईन.” भांडली असती तर मी भांडलो असतो, त्यात मी कमी पडत नाही. पण ती शांतपणे म्हणाली आणि मला कप दिला.

मग मी दोषी शोधायला लागलो. पाऊस झाला, टायर झाले, रस्ता खोदणारे झाले. शेवटी हेडलाइटवर येऊन थांबलो, कारण एवढ्या सगळ्यांत उलट उत्तर न देणारा तो एकटाच होता. मूळचा पिवळट, मिणमिणता दिवा. त्यात मला खड्डा दिसणार कसा?

आधी जास्त वॅटचा बल्ब घातला. आठवड्यात त्याचा होल्डर वितळला आणि गाडीला जळक्या रबराचा वास यायला लागला. मग एलईडी घातला. ऑफिसात कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. अकाउंट्समधले एक गृहस्थ, जे आयुष्यात सायकलवरही बसलेले नाहीत, त्यांनी मला पांढरा उजेड आणि पिवळा उजेड यांतला फरक पाऊण तास समजावला. त्यांच्या सांगण्यावरून मी हँडलखाली आणखी दोन फॉग लॅम्प लावले. आता गाडी समोरून वरातीतल्या बँडच्या गाडीसारखी दिसायला लागली. मला ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

एलबीएसवर संध्याकाळी सगळ्यांकडे असेच दिवे असतात. समोरच्याच्या दिव्यामुळे आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण मोठा दिवा लावायचा. मग त्याला दिसत नाही, म्हणून तो त्याहून मोठा लावतो. शेवटी सगळे डोळे बारीक करून, एकमेकांच्या आईबहिणींची आठवण काढत घरी पोचतात. त्यांतला मी आता बऱ्यापैकी वरच्या दर्जाचा झालो होतो.

एवढं करूनही ती रिक्षानंच येत होती. म्हणून मी तिच्या रिक्षामागून गाडी चालवायला लागलो. निदान तिच्या रस्त्यावर तरी उजेड पडावा, हा उदात्त हेतू. रिक्षाच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून तिचं डोकं दिसायचं. ती कधी मागे वळून बघायची नाही. रिक्षावाला मात्र दर सिग्नलला बाहेर डोकं काढायचा. “ओ भाईसाब, डिपर मारो ना! आईने में कुछ दिखता नहीं मेरे को!”

मला तिची आठवण यायची. रोज रात्री एकाच ताटलीतून पापड खाणाऱ्या बायकोची आठवण येते, हे कुणाला सांगायची सोय नाही. हेल्मेटमध्ये नुसता इंजिनाचा आवाज. एकदा घरी मी विचारलं, “त्या श्रीखंडाच्या डब्यात काय निघालं गं शेवटी?” ती म्हणाली, “जाऊ दे. आता मजा गेली त्यातली.” त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ती आता मागे बसणार नाही आणि ती गोष्टही मला कधी कळणार नाही.

बरंच मागे लागल्यावर एका संध्याकाळी ती सोसायटीच्या आवारात बसायला तयार झाली. फक्त गेटपर्यंत. ती बसली, मी ऐटीत सगळे दिवे लावले. जमिनीवर फारसं काही पडलंच नाही. सगळा उजेड थेट पहिल्या मजल्यावर गेला आणि तिथे सेक्रेटरी हातात आरतीचं तबक घेऊन, डोळ्यांवर दुसरा हात धरून बाल्कनीत आले. ती गाडीवरून उतरली. “खड्डे पहिल्या मजल्यावर नसतात रे,” एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली.

ग्रुपवरची ती सूचना आली ती दुसऱ्या दिवशी.

मी भांडुपच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हे काका मालवणकडचे, साठीचे, चष्मा कायम नाकाच्या टोकाला. एलईडी त्यांनीच बसवला होता. दिवा खाली-वर करून जुळवायचं काम, म्हणजे सेटिंग, तेवढं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतः केलं होतं. मी आवाजात जरब आणून म्हणालो, “तुमचा बल्ब फॉल्टी आहे. उजेड रस्त्यावर पडतच नाही.”

“सेटिंग कोणी केली?”

“मी केली.”

“गाडीवर कोण बसलेला तेव्हा?”

“मीच. आणखी कोण?”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “साहेब, मागे वहिनी बसल्या की गाडी मागून दबते, तोंड वर करते. मग लाइट आभाळात नाय तर खंय जातलो? सत्यनारायणाक कोण एकटो बसता काय? सेटिंग पण जोडीनं करूची लागता. वहिनींका घेवन येवा.”

म्हणजे एवढे दिवस मी तिच्यासाठी म्हणून जो दिवा जुळवत होतो, त्यात ती धरलेलीच नव्हती. मी घरी गेलो आणि वाटेत हे तिला कसं सांगायचं याची तालीम केली. तालीम चांगली झाली होती.

“तू बसलीस की दिवा वर जातो,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“म्हणजे मागे वजन आलं की...”

“माझं वजन?”

मी सस्पेन्शनबद्दल काहीतरी बोलायला लागलो.

“म्हणजे मी माझ्याच वजनानं पडले,” ती म्हणाली. “बरं झालं सांगितलंस.”

पुढचे तीन दिवस डब्यात भाजीऐवजी चटणी होती. चौथ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, “शनिवारी येते मी भांडुपला. सेटिंगपुरती. घाटकोपरचे रिक्षावाले मला ओळखायला लागलेत. ‘वो लाइटवाला पीछे आनेवाला है क्या’ असं विचारतात आणि पुढे निघून जातात. वाट लावलीयस माझी.”

शनिवारी अंधार पडल्यावर काकांनी समोरच्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारली आणि आम्हाला गाडीवर बसवलं. फॉग लॅम्प त्यांनी आधीच काढून माझ्या हातात दिले होते. ती बसली, पण मध्ये वीतभर जागा ठेवून, मागचा दांडा धरून.

“वहिनी, रोज बसता तशा बसा. नायतर परत चुकतली.”

ती थोडी पुढे सरकली. काका गुडघ्यावर बसून स्क्रू पिळत होते आणि भिंतीवरचा उजेड हळूहळू खाली येत होता. दुकानांच्या पाट्यांवरून तो रेघेवर येऊन थांबला. “झाला,” काका म्हणाले. आम्ही दोघंही उगाचच जरा वेळ तसेच बसून राहिलो.

घरी जायला रिक्षा बघू का, असं मी विचारलं. “चल आता, बसलेच आहे तर,” ती म्हणाली.

भांडुप ते मुलुंड काही लांब नाही. उजेड साधाच होता, रस्त्यापुरता. हेल्मेटमध्ये अजून नुसता इंजिनाचाच आवाज होता. एका पेट्रोल पंपाच्या पुढे तिनं माझा खांदा धरला, मनगट मोडलं होतं त्याच हातानं.

“अरे, खड्डा!”

‘दिसतोय’ अगदी ओठांवर आला होता. दिसत काहीच नव्हतं.

“कुठे?” मी विचारलं.

या प्रश्नाची तिला सवय नव्हती. “डावीकडे,” ती म्हणाली. “वर माती टाकलीय बघ.” मी गाडी उजवीकडे घेतली. खड्डा बाजूनं गेला. हात खांद्यावरच राहिला.

मग हेल्मेटजवळ तिचा आवाज आला. “तर त्या डब्यात ना, श्रीखंडच होतं!”

“काय?”

“अरे खरंच श्रीखंड! वेलची घातलेलं! आजोबा घाईत भलताच डबा उचलून आले होते.”

“मग दुसरा डबा?”

“तो घरी, फ्रिजमध्ये. आणि घरी त्या दिवशी जेवायला व्याही येणार होते.”

आवाजावरून अंदाज घ्यायची या वेळी गरज पडली नाही. मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हेल्मेटची काच आतून धुरकटली आणि समोरचा सगळा रस्ता नाहीसा झाला.

“मला काही दिसत नाहीये गं,” मी म्हणालो आणि गाडी कडेला घेतली.