हात जोडलेल्या यादीतली झबली

घरात बाळ येणार हे कळल्यावर लोक देवापुढे साखर ठेवतात, आईला फोन करतात, निदान चहा तरी टाकतात. मी तक्ता आखला. फ्रिजचं अख्खं दार झाकेल एवढा कागद, त्यावर तीन रकाने. पहिल्यावर लिहिलं 'हात सैल', दुसऱ्यावर 'हात आखडता' आणि तिसऱ्यावर 'हात जोडले'. म्हणजे कशावर मोकळेपणानं खर्च करायचा, कशात भागवून घ्यायचं आणि कशाला लांबूनच नमस्कार करायचा. एवढं नियोजन पुण्याच्या रस्त्यांचं झालं असतं तर आज सदाशिव पेठेत माणसाला स्कूटर लावायला जागा मिळाली असती.

बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि मी तिला मोबाईलवरचे अभिप्राय खड्या आवाजात वाचून दाखवायचो. एका दुधाच्या बाटलीबद्दल मी जेवढं वाचलं तेवढं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मिळून वाचलं नव्हतं.

"आपल्याला मूल होणार आहे की आपण प्रदर्शन भरवतोय?" बायकोनं एकदाच विचारलं आणि उशी पाठीशी ओढून झोपून गेली.

'हात सैल'मध्ये सगळ्यात वर होती बाबागाडी. परदेशी, तीनदा घडी होणारी, चाकाचाकाला स्प्रिंग. ही डोंगरावरही चालते, असं दुकानदार म्हणाला. डोंगरावर चालत असेलही. त्यानं आमचा फूटपाथ पाहिलेला नव्हता. सरावासाठी मी ती रिकामीच खाली नेली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला मला पाऊण तास लागला. वाटेत अकरा स्कूटर, दोन विजेचे खांब, एक झोपलेला कुत्रा आणि 'इथे वाहन लावू नये, नंतर वाद घालू नये' अशी पाटी. तेव्हापासून ती गाडी मी मंडईतून कांदेबटाटे आणायला वापरतो. कांदे खूश आहेत.

'हात आखडता'मध्ये पाळणा होता, तो चुलतभावाकडून आणायचा. 'हात जोडले'मध्ये न चालणाऱ्या बाळाचे बूट होते आणि रडण्याचं कारण ओळखणारं ॲप होतं. ॲप कशाला हवं? आमच्या तळमजल्यावर काकू होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं रडणं ऐकून भूक आहे की पोटदुखी, हे त्या खालून, कुकरची शिट्टी चालू असताना सांगू शकत.

आणि त्याच तिसऱ्या रकान्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात मी एक शब्द लिहिला होता. झबली.

आता हे सांगायचं तर ताईबद्दल सांगावं लागेल. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. राहते बिबवेवाडीत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे आणि त्या मशीनवर ती बाळंतविडे शिवते. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि कुंची, सगळा संच. पंचक्रोशीतल्या निम्म्या बाळांनी जगात आल्यावर पहिला कपडा ताईच्या हातचा घातला आहे. (माझं बोलणं नेहमी चारानं भागून घ्यायचं, असा आमच्या घरात नियम आहे. इथेही घ्या. तरी बरीच बाळं उरतात.) पहिल्या महिन्यातल्या झबल्याची शिवण ती बाहेरच्या बाजूला ठेवते, आत बाळाला टोचू नये म्हणून. बटण नाही, काज नाही, नुसते बंद. कापड आणलं की आधी तीनदा धुणार, मग कात्री लावणार.

आमच्याकडे बाळाची कुंची आत्यानं आणायची असते. बारशाला बाळ ती कुंची घालून पाळण्यात जातं. म्हणजे ताईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाचरांसाठी कुंच्या शिवल्या आणि आता पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या भाचरासाठी शिवायची वेळ आली होती. आठव्या महिन्यात तिचा फोन आला.

"मलमल आणलंय रे. पोपटी. त्याला पिवळी किनार लावते. कुंचीला मोत्यांचा गोंडा ठेवू का?"

पोपटी! इथे मी खरं काय ते सांगतो, चारानं भागू नका. ऑफिसातल्या सगळ्यांच्या बाळांचे फोटो मी पाहिले होते. सगळी बाळं ओल्या वाळूच्या, सायीच्या, फिकट राखेच्या रंगाच्या कपड्यांत. जणू एकाच भिंतीचे वेगवेगळे कोपरे. मीही तसाच एक खोका मागवला होता, आत सहा कपडे, सहाही धुळीच्या रंगाचे. आणि त्या फोटोंच्या रांगेत आपलं बाळ पोपटी झबल्यात, पिवळी किनार आणि वर गोंडा, हे मला कसंतरीच वाटलं. माझ्या बहिणीच्या हातचं काम लोकांना दाखवायची मला लाज वाटली. एवढं साधं होतं ते.

एवढं साधं असलं की माझ्या तोंडून निघत नाही. मी म्हणालो, "ताई, अगं राहू दे. डॉक्टर नको म्हणालेत."

"काय नको म्हणाले?"

"घरी शिवलेलं. मशीनच्या तेलाचा अंश राहतो म्हणे कापडात. बाळाच्या कातडीला पुरळ येतं. हल्ली फार केसेस आहेत."

'केसेस' हा शब्द मी का घातला देव जाणे. थाप एकटी फिरत नाही, तिला सोबत लागते. मला वाटलं, आता ती नेहमीसारखं म्हणेल, 'गप रे गाढवा.' ती म्हणाली, "बरं झालं वेळेवर सांगितलंस."

फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

मुलगी झाली. बारसं झालं. ताई आली, हातात दुकानातली पिशवी. आत दुकानातली कुंची, किमतीची चिठ्ठी तशीच लटकलेली. तिनं ती चिठ्ठी दातांनी तोडली, बाळाला कुंची घातली, पाळण्यात ठेवलं, कानात नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले आणि ती नेहमीसारखी ओरडली, "अगं हळू, मी आत्या आहे, गादी नाही!" सगळे हसले. मीही हसलो. मी घुगऱ्यांच्या वाट्या फिरवत होतो.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू ताईजवळ सरकल्या.

"अहो, तुम्हीच ना त्या बाळंतविडे शिवणाऱ्या? माझ्या सुनेला सातवा लागलाय. एक संच हवा होता."

"नाही हो काकू. मी बंद केलं ते."

"बंद? का?"

"डॉक्टर नको म्हणतात," ताई हळूच म्हणाली, एखादं दुखणं सांगावं तशी. "मशीनच्या तेलाचा अंश राहतो कापडात. हल्ली फार केसेस आहेत. इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं बघा. कुणाच्या लेकराला माझ्यामुळे त्रास झाला असेल तर, असं सारखं मनात येतं."

वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. 'केसेस'सुद्धा. त्या क्षणी मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. मी पुढे झालो, आणि म्हणालो, "काकू, घुगऱ्या घ्या ना."

सगळे गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती बाळाला थोपटत होती. थोपटणं न थांबवता म्हणाली, "पोपटी रंग नको होता तर पोपटी रंग नको म्हणायचं. तिनं गुलाबी शिवलं असतं." मग थोडं थांबून, "तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मीच सांगतो."

आणि मी लगेच दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीला गेलो. ताईच्या घरी चहा प्यायलो, पाणी प्यायलो, पंख्याची धूळ पुसून दिली, परत आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, गॅसची नळी बदलून दिली. मी असाच जात राहिलो असतो तर दिवाळीपर्यंत तिचं घर नवं झालं असतं.

पुढच्या खोलीत मशीन होतं. त्यावर साड्यांना फॉल लावायचं काम चाललं होतं. कपाटाचा जो खण मऊ कापडांनी भरलेला असायचा, त्यात आता पिशव्या होत्या. मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, लंगोटाचं कापड धुण्याभांड्याच्या बाईंना देऊन टाकलं, पुसायला होईल म्हणून.

तिसऱ्या खेपेला रविवार होता. ताईनं श्रीखंड केलं होतं. ओट्यावरच्या नळाला चक्का बांधलेलं फडकं धुऊन लटकवलेलं होतं. पोपटी मलमल. नवंकोरं. मी ते ओळखलं, आणि तरी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. तिसरी वाटी पुढे आली तेव्हा माझ्याच्यानं राहवेना.

"ताई, डॉक्टर काही म्हणाले नव्हते."

"कशाबद्दल?"

"ते तेलाबद्दल. झबल्यांबद्दल."

तिच्या हातातला डाव भांड्यावर थांबला. "मग कोण म्हणालं होतं?"

"मीच."

नळ ठिबकत होता, तो तिनं घट्ट बंद केला. मग म्हणाली, "तुझं बोलणं मी लहानपणापासून चारानं भागून घेते. आईनंच शिकवलंय मला. पण लेकराचं म्हणालास, म्हणून मी अख्खं घेतलं रे."

मी खाली बघितलं.

"आणि का नको होतं तुला?"

हा प्रश्न येणार हे मला तीन आठवडे माहीत होतं. 'पोपटी रंगाची लाज वाटली' एवढे चार शब्द. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "अगं, आधीच खूप कपडे झाले होते. ठेवायला जागा नव्हती."

म्हणजे कबुली द्यायला गेलो आणि नवी थाप ठेवून आलो. ताईनं नळावरच्या फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. तिनं वाटी उचलली आणि घासायला घेतली.

घरी परतताना मी ठरवलं, निदान नुकसान तरी भरून काढायचं. तडक तळमजल्यावर काकूंकडे गेलो. म्हटलं, "काकू, ताई म्हणाली ते सगळं खोटं. मशीनच्या तेलानं काही होत नाही. ती कंडी मीच पिकवली होती. सुनेसाठी तिच्याकडूनच शिवून घ्या."

काकूंनी चष्मा डोक्यावर सरकवला. "बहीण आहे ना तुमची? मग तुम्ही असंच म्हणणार. साहजिक आहे." आणि दार लोटता लोटता म्हणाल्या, "गेल्या वर्षी आपल्या टाकीत मगर सापडली, हेही तुम्हीच सांगत होतात ना?"

मी ते सांगितलं होतं, नाकारत नाही. ताईच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी आणखी दोघींना मी फोन केले. एकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, कळवते." दुसरीनं विचारलं, "आपण कोण बोलताय म्हणालात?"

हे सगळं ताईच्या कानावर गेलंच. तिचा फोन आला. आवाज अगदी नेहमीसारखा.

"कुणाला काही सांगत फिरू नकोस. दीड महिन्याची लस कधी आहे बाळाची?"

"परवा."

"मी येते. मी स्वतःच विचारीन."

मुलांच्या डॉक्टर आमच्याच पेठेत, दोन गल्ल्या सोडून. वयस्कर बाई, मोजकं बोलणाऱ्या. त्या दिवशी बायकोला बरं नव्हतं, म्हणून बाळ माझ्या मांडीवर आणि शेजारी ताई, साडीचा पदर घट्ट लपेटून, परीक्षेला बसल्यासारखी. लस झाली. बाळानं सदाशिव पेठ, शनिवार पेठ आणि नारायण पेठ यांना एकाच वेळी ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली आणि मग थकून गप्प झालं.

"डॉक्टर, एक विचारू का?" ताई म्हणाली. "घरी मशीनवर शिवलेली झबली बाळांना घालावीत का? तेलाचा काही अंश राहतो का कापडात?"

"मऊ सुती कापड आहे ना? धुऊन, उन्हात वाळवून घालता ना?"

"तीनदा धुते."

"मग काय प्रश्न आहे? खुशाल घाला. दुकानातलीसुद्धा कुठल्या तरी मशीनवरच शिवलेली असतात." डॉक्टरांनी पुढचा कागद ओढला आणि पेन थांबवून विचारलं, "असलं कोण सांगतं हो तुम्हाला?"

माझ्या मांडीवरचं बाळ एकदम मणभर जड झालं. मी मान वर केली. बोलायला सुरुवात करणार होतो; या वेळी खरंच करणार होतो.

"होतं कुणीतरी," ताई म्हणाली. "बाहेरचं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मला वाचवलं होतं, लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटली की वाचवायची तसंच. तेव्हा ती म्हणायची, 'आमचा नव्हता तो.' आणि मी दारामागे उभा राहून खुदखुदत असे.

खाली रस्त्यावर आल्यावर तिनं बाळाच्या गालावर बोट फिरवलं, टोपडं सारखं केलं. मी म्हणालो, "ताई, घरी चल ना. जेवून जा."

"नको. मशीनवर बसायचंय," ती म्हणाली. "रिक्षा बघ तेवढी."

मी एका हातानं बाळ धरून दुसरा हात रिक्षांना दाखवत राहिलो. तिसरी थांबली. ताई आत बसली, पदर आत घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "बिबवेवाडी." मग माझ्याकडे वळून, "उन्हात उभा राहू नकोस तिला घेऊन."

रिक्षा गेली. मी उन्हातच उभा होतो. 'पोपटी रंगाची लाज वाटली', हे चार शब्द मी तिथे फूटपाथवर मोठ्यानं म्हणून पाहिले. बाळानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.