डोहावरच्या शकूताई

लग्न होऊन मी अंबरनाथ पूर्वेला राहायला आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी कोणीतरी दाराची कडी वाजवली. दारात चाळिशी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात स्वतःपेक्षा दुप्पट उंच बांबूची काठी आणि दुसऱ्या हातात तुपाचा रिकामा डबा. त्यांनी नाव सांगितलं नाही, माझंही विचारलं नाही.

"तुमच्या गॅलरीत कुंड्या आहेत ना? त्यांत गांडुळं असतील. चार-पाच द्या की."

मी साताऱ्याकडची. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता, आणि गांडूळ मागायला आलेला पाहुणा तर मी ऐकलाही नव्हता. मी दार धरून उभी राहिले, तेव्हा त्यांनी स्वतःच आत येऊन तुळस सोडून बाकीच्या कुंड्या उकरल्या, माती पुन्हा नीट बसवली आणि जाताना म्हणाल्या, "माती चांगली आहे तुमची. मोगरा लावा."

त्या शकुंतला जाधव. खालच्या मजल्यावर राहायच्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळी इमारत त्यांना शकूताई म्हणे. रविवारी त्या बदलापूरला नदीवर गरवायला जायच्या. गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे, हा शब्द मला त्यांनीच शिकवला. बाईमाणूस एकटी नदीवर गळ टाकून बसते, याची इमारतीत बरीच चर्चा होती. ती त्यांच्या कानावर गेली की त्या हसायच्या. "सहा दिवस कानात लोकांची भांडणं, बारशी आणि मयती ऐकते. एक दिवस मला न बोलणारी मंडळी लागतात."

गंमत म्हणजे त्यांचे यजमान, जाधवभाऊजी, मासे खात नसत. लहानपणी घशात काटा अडकल्यापासून त्यांनी धसका घेतला होता. पण संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरून, चष्मा लावून, शकूताईंनी आणलेला प्रत्येक मासा ते इतका निगुतीने साफ करत की बघत राहावं. मग त्यांचे वाटे शेजारीपाजारी जात. तीनेक महिन्यांनी एक वाटा माझ्याही घरी शिजला, आणि त्यानंतर एका रविवारी मी शकूताईंबरोबर निघाले.

बदलापूर स्टेशनपासून टांग्याने गावाच्या टोकापर्यंत, मग शेताच्या बांधावरून चालत आम्ही नदीवर पोचलो. बंधाऱ्याच्या बऱ्याच वर एक डोह होता. काठावर जांभळीचं झाड होतं म्हणून सगळे त्याला जांभळीचा डोह म्हणत. तिथे जानकी नावाची कातकरी बाई गुडघाभर पाण्यात वाकून दगडांखाली हात घालत होती. क्षणात तिने सापासारखी वळवळती वाम बाहेर काढली आणि कमरेच्या टोपलीत टाकली.

"बाय, आज लय उशीर क्येला," ती शकूताईंना म्हणाली.

"ही नवी शिष्या आणलीय ना. चालायला शिकवत आणली," शकूताई म्हणाल्या.

डोहावर जो आधी येईल तो आधी बसे. दुसऱ्याच्या गळासमोर कोणी गळ टाकत नसे, जानकी दगड चाळत असेल त्या बाजूला कोणी दोरी फेकत नसे, आणि बोटाएवढा मासा पुन्हा पाण्यात जाई. हे कोणी ठरवलं, मी विचारलं. शकूताईंनी गळाच्या दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या देठावरची नजर न काढता उत्तर दिलं, "बसणाऱ्यांनी."

दोनेक वर्षं असे छान रविवार गेले. मला गळ टाकणं कधी जमलं नाही. मी विणकाम घेऊन बसायची. एकदा दिवाळीनंतर गेलो, तर बांधावरची वाट काटेरी तारेने बंद झालेली. तारेपलीकडे नवं फार्महाउस उभं राहत होतं आणि पाटी होती, खाजगी मालमत्ता, मासेमारीस सक्त मनाई. रखवालदार धावत आला. "मॅडम, इधर से नहीं. शेठ का ऑर्डर है."

जानकी तारेबाहेर रिकामी टोपली घेऊन बसली होती. "मला तं दोनदा हाकाललं," ती म्हणाली.

शकूताई भांडतील असं मला वाटलं होतं.  पण त्या काठी खांद्यावर टाकून वळल्या. परतताना टांग्यात त्या एकदम बोलायला लागल्या.

"आमच्या गावाला नदी होती, चिपळूणकडे. वरच्या अंगाला गावाचा घाट. आमच्या वाडीने खाली बसायचं, वरचं सगळं वापरलेलं पाणी यायचं तिथे. बाबा एकदा चांगला डोह बघून वर सरकले, तर लोकांनी त्यांची काठी मोडली. बाबांनी दुसरी काठी तोडली आणि खाली येऊन बसले. पुढे आम्ही बौद्ध झालो, मी शिकले, नोकरीला लागले. काळ बदलला, वर बसायला कोणी अडवेना. तरी बाबा शेवटपर्यंत खालीच बसायचे. सवय झाली होती त्यांना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगल, मला ती सवय लावून घ्यायची नाही."

त्याच आठवड्यात त्या रजा टाकून तलाठ्याकडे गेल्या. तलाठी म्हणाले, "जमीन त्यांची आहे हो बाई, रीतसर घेतलीय. तार घालतील नाहीतर भिंत. नदीचं विचाराल तर ती सरकारची. तिला मालक नाही." घरी येताना जिन्यातच त्यांनी मला हे सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. "म्हणजे वाट त्याची, पाणी कोणाचंच नाही. मग पाण्यातूनच जाऊ की!"

पुढच्या रविवारी आम्ही गावाच्या घाटावरून नदीत उतरलो. पुढे जानकी, दगड दाखवत. मागे काठी टेकत शकूताई. त्यांच्यामागे साडी गुडघ्यापर्यंत वर धरून जीव मुठीत घेतलेली मी. पाणी कुठे घोट्याला, कुठे मांडीला लागत होतं. शेवाळावरून मी दोनदा घसरून बसले. डोहाशी पोचल्यावर शकूताई एका अर्धवट बुडालेल्या खडकावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी गळ टाकला.

रखवालदाराने आरडाओरडा केला, तसे खुद्द शेठ आले. टेकचंदशेठ, उल्हासनगरचे कापडवाले. पांढरा सफारी, हातात चकाकती परदेशी काठी. तिला दोरी गुंडाळायचं चाक होतं.

"ओ बाई, ही प्रायव्हेट जागा आहे. समजत नाही?"

"तुमच्या जागेवर माझा पाय नाही शेठ. बघा, पाण्यात आहे."

"मी पैसा भरला आहे!"

"जमिनीचा भरलात. नदी विकली कोणी तुम्हाला?"

शेठ भडकले. लोक येतात, बाटल्या फोडतात, परवा कोणीतरी मासे मारायला पाण्यात सुरुंगाचा बार उडवला, पिल्लंसुद्धा मेली, ते सगळं मी का सोसू, असं मोठ्याने बोलत राहिले. शकूताईंनी ऐकून घेतलं. "हे खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण बार उडवणारे आणि ही जानकी, दोघांना एकच तार?"

शेठ जरा वरमले. काठावर बसत म्हणाले, "हमारी नदी तो उधर रह गयी, सिंध में. बाबा तिकडे पल्ला मच्छी धरायचे. फाळणीनंतर कॅम्पात आलो तेव्हा बाबा बोलायचे, सब मिलेगा, नदी नहीं मिलेगी. म्हणून घेतली ही जागा. आपली एक नदी पाहिजे होती."

"तिकडे तुमच्या बाबांना कोणी अडवायचं?"

"नाही. कोण अडवणार? दर्या, म्हणजे आपली नदी, सबका था."

शकूताईंनी गळ पुन्हा पाण्यात टाकला. शेठ त्या गळाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने उठून आत निघून गेले.

तार मात्र तशीच राहिली. सबंध हिवाळा-उन्हाळा आम्ही पाण्यातून जात राहिलो. शेठ कधी काठावर दिसत, लांबून बघत, ओळख दाखवत नसत. मग मे महिन्यातल्या एका रविवारी पाच-सहा पोरं पिशवी घेऊन तार उचकटून आत शिरली. रखवालदार एकटा; त्याला त्यांनी ढकलून दिलं. एकाने पिशवीतून जिलेटिनची कांडी काढली. ती पाण्यात फुटली की सगळा डोह पांढऱ्या पोटांनी भरतो, हे जानकीने मला पूर्वी सांगितलं होतं.

"ए मावशी, बाहेर निघा. धमाका होणार आहे," तो ओरडला.

जानकी मला ओढत कडेला घेऊन गेली. शकूताई खडकावरच होत्या. त्या खाली बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि ऑपरेटरच्या त्या स्वच्छ, शांत आवाजात म्हणाल्या, "टाक. मी इथेच बसलेय."

"मावशी, मरशील!"

"मग पोलिसांना काय सांगायचं ते ठरव आधी. मला घाई नाही."

 पोरांनी शिव्या दिल्या, आपसात वाद घातला, एकाने दुसऱ्याच्या हातातली कांडी हिसकावून पिशवीत कोंबली आणि सगळे निघून गेले. शकूताई मात्र उठेनात. जवळ गेले तेव्हा कळलं, भीतीने त्यांना उभंच राहता येत नव्हतं. "थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघी त्या खडकावर एकमेकींना धरून कितीतरी वेळ हसत बसलो.

रखवालदाराने ते शेठना सांगितलं असणार. पावसाळा संपल्यावर आम्ही घाटावर उतरायला निघालो, तर तोच समोर आला. "मॅडम, पाणी में से मत जाओ. शेठने रास्ता खोला है." काठालगत तार मागे घेतली होती. बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी होती. जुनी पाटी जाऊन नवी आली होती, बाटली आणि बार बंद. शेठ स्वतः डोहावर गळ टाकून बसले होते आणि अजून त्यांना काही लागलेलं नव्हतं.

"शेठ, चाकाचा एवढा आवाज केलात तर मासा ठाण्याला पळेल," शकूताई त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या. "आणि जरा तिकडे सरका. तो जानकीचा दगड आहे."

शेठ सरकले. त्यानंतर किती वर्षं गेली! माझी मुलगी तिथेच पोहायला शिकली. शेठना पहिली मरळ लागली तेव्हा त्यांनी बायकोला फार्महाउसमधून हाका मारमारून बोलावलं. जानकी टोपली भरून थेट बाजारात जाऊ लागली.

नव्वदच्या दशकात एक्स्चेंज स्वयंचलित झालं. शकूताई काही वर्षं दुसऱ्या टेबलावर बसल्या आणि निवृत्त होऊन भाऊजींसह मुलाकडे नाशिकला गेल्या. मी खूप रडले. त्या रडल्या नाहीत. ट्रकमध्ये काठी आडवी बसेना म्हणून हमालांवर ओरडत होत्या.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. तिथे नदीवर जाता का, मी विचारलं.

"जाते तर! पहिल्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाले, ही माझी बसायची जागा आहे. मी म्हटलं, बरं, मग थोडं सरका."

"सरकले?"

"सरकले. चहासुद्धा पाजला. आता रोज माझ्यासाठी शेजारी रुमाल टाकून जागा धरून ठेवतात." पलीकडून त्यांचं हसू ऐकू आलं. "त्यांना बजावलंय मी, रुमाल उचला. जो येईल तो बसेल."