भागोजीने घातलेलं पाणी

भागोजी एका जागी स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या हायस्कुलात तो प्रयोगशाळेचा शिपाई. शाळा बांधताना जांभ्याचे चिरे वाहायला म्हणून आला आणि इमारत उभी राहिली तरी गेला नाही. मध्ये एकदा भावाच्या ओळखीने मुंबईला नोकरीवर गेला होता, तो चार महिन्यांत परत. पाळी संपली की खोलीत नुसतं पडून राहायचं, हे त्याला जमेना. त्याची बायको हौसा म्हणायची, "ह्येंच्या पायाला भिंगरी हाय. जेवताना पन दोनदा उठतत."

मी तिथे चित्रकला शिकवायचो. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते रंगवणं दरसाल माझ्या गळ्यात. तालुक्याचं प्रदर्शन डिसेंबरात लांज्याला भरे आणि दिवाळीची सुट्टी संपली की आमचे शिक्षक कामाला लागत. मुलं नव्हेत, शिक्षक. विज्ञानाच्या वासंतीबाई पुस्तकातून प्रयोग निवडायच्या, भागोजी तो खपून बनवायचा, मी रंग द्यायचो, आणि खणखणीत आवाजाचा एखादा मुलगा माहिती पाठ करायचा. एका वर्षी आम्ही ज्वालामुखी नेला होता. परीक्षकांनी मधेच विचारलं, "हा धूर कशाचा रे?" मुलगा गडबडला आणि 'सन्माननीय परीक्षक महोदय'पासून पुन्हा सुरू झाला. तरी दुसरा नंबर आला. आम्ही पेढे खाल्ले. त्या मुलाला धुराचं उत्तर अजून येत नसेल, आणि मला तेव्हा त्याची जराही लाज वाटली नाही, हे कबूल करतो.

चौऱ्याऐंशी साली नववीतल्या सगुणाने ही घडी विस्कटली. ती सरळ वासंतीबाईंपुढे जाऊन म्हणाली, "बाई, मला माझा प्रयोग करायचाय." तिच्या घरचा कुळीथ कातळाकडच्या तुकड्यात लवकर सुकायचा, नदीकडच्यात टिकायचा. असं का, ते तिला बघायचं होतं. तिने पंधरा करवंट्या आणल्या. पाचांत समुद्राची वाळू, पाचांत तांबडी माती, पाचांत तांबड्या मातीत कुजलेला पाला. सगळ्यांत कुळीथ रुजवला. रोपं बोटभर झाल्यावर प्रत्येकाला एकेक वाटी पाणी घातलं आणि मग पाणी बंद. आता रोज सकाळी कुठलं रोप सुकलं ते वहीत लिहायचं. ना धूर, ना दिवा, ना चाक. असल्या प्रयोगाकडे कोण ढुंकून बघणार, असं मला वाटलं. बाईंनीही नाक मुरडलं, पण नाही म्हटलं नाही.

भागोजीने तोवर पेरिस्कोपसाठी लाकूड कापून ठेवलं होतं. तो कळवळून म्हणाला, "गो, ह्यां कसला मॉडेल? निदान एक खोका तरी करून देतंय."

"नको काका. तुम्ही हात लावू नका. नायतर तो तुमचा प्रयोग होईल."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. खिडकीत करवंट्या मांडलेल्या, शेजारी सगुणाच्या अक्षरात चिठ्ठी, 'पाणी घालू नये'. चौथी शिकलेला भागोजी ती चिठ्ठी दिवसातून दहा वेळा वाचून यायचा. सहाव्या दिवशी त्याने मला व्हरांड्यात गाठलं. "सर, वाळूतली रोपां माना टाकतायत. तांबड्यातली पन. आनि आपन नुसता बघत ऱ्हायचां?"

"तोच तर प्रयोग आहे, भागोजी," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. सुकणारं रोप समोर, विहीर पन्नास पावलांवर, आणि हात बांधून उभं राहायचं! शेतात जन्म गेलेल्या माणसाला हे कसं पटावं? तो दिवसभर आत-बाहेर करत राहिला. त्याला बघून मलाही वर्गात चैन पडेना.

सोमवारी सगुणा आली तर पंधराच्या पंधरा रोपं ताठ उभी. तिने मातीत बोट घातलं. माती ओली होती. ती वर्गावर्गांत विचारून आली. भागोजीलाही विचारलं. "मना म्हाईत नाय," म्हणून तो बाहेर गेला आणि दुपारभर एकाच खिडकीच्या काचा पुसत राहिला. मी ओळखलं. पण बोललो नाही. पोरीचा खेळ, दोन दिवसांत विसरेल, असा माझा हिशेब.

प्रदर्शन बुधवारवर आलेलं. नव्याने करायला वेळ नव्हता. वासंतीबाई म्हणाल्या, "पुढचे आकडे अंदाजाने भर. वाळू आधी सुकणार हे ठरलेलंच आहे."

"पण बाई, मी ते बघितलेलं नाही."

तिचे डोळे भरले होते, तरी ती हटली नाही. तिच्या हट्टापायी माझ्या सुबक तक्त्यावर मला लिहावं लागलं: 'सोमवार. सर्व रोपे ताठ. कोणीतरी पाणी घातले. कोणी, कधी, किती ते माहीत नाही.' ते लिहिताना मी चांगलाच चिडलो होतो.

बुधवारी एसटीत करवंट्यांच्या टोपल्या सीटवर ठेवून भागोजी लांज्यापर्यंत उभाच. प्रदर्शनात परीक्षक सगुणाच्या टेबलाशी आले आणि तक्ता वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कोणीतरी म्हणजे कोण? विसरून तूच पाणी घातलं असशील, आणि आता ढकलतेस दुसऱ्यावर. प्रयोग सोपा असला तरी चालतो मुली, खोटेपणा चालत नाही."

"मी नाही घातलं, सर," सगुणा म्हणाली. मला सगळं ठाऊक होतं आणि मी खिशातलं पेन चाचपत उभा राहिलो.

"सायेब, पानी मी घातलंय," भागोजी मागून म्हणाला. "पोरीचा काय चुकला नाय."

भोवतालचे सगळे वळले. वासंतीबाईंनी कपाळाला हात लावला. आता पोरगी रडेल नाहीतर त्याच्या अंगावर धावून जाईल, असं मला वाटलं. तिचा तो हक्कच होता. सगुणाने वही उघडली.

"कधी घातलंत, काका?"

"आयतवारी. सकाळी."

"किती?"

"एकेक वाटी. तुझीच वाटी व्हती, खिडकीतली."

"सगळ्यांना सारखं?"

"सारखाच. दुजाभाव कशाला करू?"

तिने लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "आणि मग तुम्हाला काय दिसलं?"

परवानगी मागावी तसं भागोजीने माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागला. वाळूतली रोपं सगळ्यांच्या आधी उठली. तांबड्यातली दुपारनंतर, त्यातली दोन तर पार सांजेला. पाल्यातल्यांनी मान टाकलीच नव्हती, त्यांना पाण्याचं काही पडलं नव्हतं. कुठल्या रोपाचं खालचं पान पिवळं होतं, तेही त्याला आठवत होतं. सगुणा भराभर लिहीत होती, मधेच थांबवून पुन्हा विचारत होती, आणि परीक्षक ताटकळत उभे होते.

नंबर आला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. भागोजीने आमच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं काढली होती, आणि तुला काय दिसलं, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. विचारणारी पोर चौदा वर्षांची होती. आम्ही एवढे शिकलेले, आम्हाला ते कधी सुचलं नव्हतं.